लाल बुडाचं ड्रिल

आमच्या भोसरीच्या खोलीत नवी वस्तू आली की ती आधी सगळ्यांच्या मांडीवरून फिरायची. रेडिओ फिरला होता, आईचा नवा स्टो फिरला होता, आणि एका रविवारी सकाळी दादानं खोक्यातून काढलेलं विजेचं ड्रिल मशीनही तसंच फिरलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मिलिंद. त्यानं ते साठवलेल्या पैशातून आणलं होतं आणि खोकं उघडताना त्याचे कान लाल झाले होते. राखाडी रंगाचं, लोखंडी अंगाचं, चांगलं दणकट धूड होतं ते. आईनं उचलून बघितलं आणि लगेच खाली ठेवलं. "अगं बाई, केवढं जड! यापरीस तान्हं पोर बरं, निदान हसतं तरी." मी बटण दाबायला गेले तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. प्लगसुद्धा लावला नव्हता, तरी मारली.

सगळ्यात शेवटी ते अण्णांच्या मांडीवर गेलं. अण्णा म्हणजे आमचे वडील. सोलापूरकडचं गाव सोडून आले ते पिंपरीच्या एका कंपनीत उभ्या ड्रिल मशीनसमोर जे उभे राहिले, ते उभेच. आमचं सगळ्यांचं पोट त्या एका मशीननं भरलं. त्यांनी दादाच्या मशीनचा चक, म्हणजे पुढचं तोंड, बोटांनी फिरवला, कान लावून ऐकला, वास घेतला आणि मान डोलवली. मग म्हणाले, "मशीन आणलंस ते झालं. ड्रिलं कुठायत?"

इथं एक सांगून ठेवते. आमच्याकडे विजेवर फिरतं ते मशीन, आणि त्याच्या तोंडात बसवून ज्यानं भोक पडतं, ती पिळाची लोखंडी कांडी म्हणजे ड्रिल. मशीन कितीही भारी असो, कांडी चांगली नसेल तर ते नुसतं घुमत राहणार. दादा म्हणाला, "दुकानात डबी मिळती अण्णा. सगळ्या मापांची. प्लास्टिकची डबी, झाकणाची." अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला हसू दाबता येईना. "डबी? हळदीकुंकवाला चाललाईस व्हय? ड्रिल डबीवर बघून घ्यायचं नसतं. चल जुन्या बाजारात. मी निवडून देतो."

दादाचा बेत साधा होता. भोसरीच्या चहूबाजूला तेव्हा रोज नवी शेड उभी राहत होती. कुणाला रॅक बसवून हवा, कुणाला बोर्ड, कुणाला खिडकीची जाळी. रविवारी बापलेकांनी ही कामं करायची, असं दोघांनी ठरवलं होतं. माझी मॅट्रिकची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, घरात बसून मला वीट आला होता. मीही येणार म्हणून मी हट्टच धरला. आई म्हणाली, "लोखंड बघायला पोरीची जात कशाला?" अण्णा म्हणाले, "येऊ दे. तिची नजर चांगली हाय."

तेव्हाचं आमचं घर डोळ्यांपुढे आणायचं तर आधी आवाज आठवतात. पहाटे स्टोचा फर्रर्र, त्यावर आईच्या भाकरीच्या थापा, पलीकडच्या गल्लीतल्या प्रेसचा धडधडाट आणि सगळ्यांच्या वर कंपनीचा भोंगा. भोंग्याआधी दादा सायकल काढायचा, अण्णा मागच्या कॅरिअरवर बसायचे, दोघांचे डबे हँडलला. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, कधी येसराची आमटी. एका सायकलवर बापलेक कंपनीत जातात याचं आईला एवढं कौतुक, की ती रोज दारात उभी राहून वळणापर्यंत बघायची. दादाला अण्णांनीच कंपनीत चिकटवलं होतं. साहेबांना शब्द दिला होता, "माझं पोर हाय, मान खाली जाऊ देणार न्हाई." दादा हत्यारांच्या स्टोअरमध्ये होता. कामगारानं खिडकीवर आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचं, हत्यार परत आलं की बिल्ला परत. पाडव्याच्या सुमारास दादा कायम होणार, असं साहेबांनी अण्णांच्या कानावर घातलं होतं. आई तर त्या पाडव्याकडे डोळे लावून बसली होती. दादा कायम झाला की स्वतःची खोली, मग त्याचं लग्न, मग माझं पुढचं शिक्षण, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

एकच गोष्ट दादाला डाचायची. कंपनी सुटताना गेटवर झडती व्हायची. दादाचा डबा रोज उघडला जायचा. "उरलेली चटणीसुद्धा ढवळून बघतात," म्हणून तो घरी येऊन चडफडायचा. अण्णांना मात्र पहारेकरी हात जोडायचे. "चला अण्णा," एवढंच. त्यांचा डबा, त्यांचा खिसा कुणी म्हणून कधी बघितला नाही. अण्णांना याचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. "नाव कमवावं लागतं मिलिंदा," असं म्हणायचे. संध्याकाळी हातपाय धुऊन आम्ही सगळे भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे वंदनेला बसायचो. पंचशील अण्णा सांगायचे, आम्ही मागून म्हणायचो. दुसरं शील चोरीचं, न दिलेलं न घेण्याचं. ते म्हणताना अण्णांचा आवाज आपोआप चढायचा. लहानपणी मला वाटायचं, ते शील अण्णांनीच काढलंय.

तर पुण्याचा जुना बाजार. नदीकाठी गोणपाटं अंथरलेली, त्यांवर किल्ल्या नसलेली कुलपं, काटे नसलेली घड्याळं, गंजलेले पाने, दिव्यांच्या काचा. आम्ही एका जाडजूड मावशीच्या गोणपाटापुढे बसलो. पानानं तोंड रंगलेलं, कपाळभर कुंकू आणि पुढ्यात लोखंडाचा ढीग. "बघा बघा, चाळून घ्या," ती म्हणाली. "समदा कंपनीचा माल हाय. भोसरी, चिखली, कुठनं कुठनं येतो." अण्णांनी बाह्या मागे सारल्या आणि निवडायला लागले. मला ते बघायला फार आवडायचं. एकेक ड्रिल उचलायचं, डोळ्यासमोर उन्हात धरायचं, टोकाच्या दोन्ही धारा सारख्या आहेत का ते बघायचं. मग एका सपाट पत्र्यावर ते घरंगळत सोडायचं. सरळ असेल तर गुमान जातं, वाकलेलं असेल तर फुदकतं. मग बुडाला नख लावायचं, चकमध्ये घसरून खरवडलंय का म्हणून. "हे दीड सूत जाड, घे. हे दोन सूत, धार गेली पण अंग चांगलं, मी लावून देतो. हे फेक. हे नुसतं कार्बनचं, दोन भोकांत तापून निळं पडंल." दादा भिंतीचं ड्रिल शोधत होता. अण्णा म्हणाले, "ते हितं नको. त्याच्या टोकाला कडक तुकडा चिकटवलेला असतो, तो कधी तडकला असंल कळत न्हाई. ते नवंच घ्यायचं. आणि तीन पिनांचाच प्लग घे, लोखंडी अंगाचं मशीन हाय. चकची चावी सुतळीनं वायरला बांध, न्हाईतर पहिल्याच दिवशी हरवशील." दादा प्लग बघायला शेजारच्या गोणपाटावर गेला.

मी अण्णांच्या हाताकडेच बघत होते म्हणून मला कळलं. हात थांबला. ढिगातून त्यांनी एक आखूड, जाड ड्रिल उचललं होतं. बुडाला लाल रंगाचा पट्टा. त्यांनी ते उन्हात धरलं नाही, घरंगळवलं नाही. नुसतं टोकावरून अंगठा फिरवला. मग मान वळवून दादाकडे बघितलं. दादा तिकडे हसत हसत प्लगचा भाव करत होता. अण्णांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता.

मावशीला निवडलेल्या सगळ्या ड्रिलांचे पैसे देऊन अण्णांनी ते लाल बुडाचं वेगळं, रुमालात बांधून आतल्या खिशात टाकलं. "चला." दादा म्हणाला, "अहो, वायर घ्यायचीय अजून, भिंतीत ठोकायच्या लाकडी गिट्ट्या घ्यायच्यात." "चला म्हन्लं ना!" बाजारातली चार माणसं वळून बघायला लागली.

बसमध्ये दादाला मागे जागा मिळाली. मी हळूच विचारलं, "अण्णा, काय झालं?" त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मग म्हणाले, "माझ्या हातचं हाय ते." लांब ड्रिल मोडलं की त्याचं उरलेलं तोंड घासून ते नवी धार लावायचे. असं आखूड ड्रिल कडक बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, डगमगत नाही, म्हणून स्वतःच्या कामाला ठेवायचे आणि काम झालं की बिल्ल्याशिवायच स्टोअरला माघारी द्यायचे. लाल रंग त्यांच्या खात्याचा, आणि धारेचा तो उतार त्यांचा स्वतःचा. कंपनीत तसा उतार दुसरं कुणी देत नसे. "कंपनीतनं ते बाहेर आलं कसं?" त्यांनी विचारलं, मला नव्हे, खिडकीलाच. मग माझ्याकडे वळले. "आईजवळ तोंड उघडायचं न्हाई. ती हाय खाईल." मी म्हणाले, "अण्णा, दादा असं करणार नाही." मी दादाचं नाव घेतलं, तेव्हा कुठे मला कळलं की त्यांच्या मनात दादाच आहे.

संध्याकाळी बाहेरच्या नळापाशी अण्णांनी दादाला गाठलं. मी हंडा घेऊन मुद्दाम तिथंच घुटमळत राहिले. अण्णांनी रुमाल सोडून दाखवला. दादाला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा तो भडकला. "मी? मी कशाला नेऊ? माझा डबा रोज उलटापालटा करतात गेटवर! चटणी ढवळतात माझी!" अण्णा म्हणाले, "स्टोअरमधी तू. माघारी आलेलं हत्यार तुझ्या हातात पडतं. मला शिकवतो व्हय?" दादा म्हणाला, "माझा डबा उघडतात अण्णा. ज्याचा उघडत न्हाईत, त्यानं नेलं असंल!" उलट उत्तर ऐकून अण्णांचा हात वर गेला. गेला आणि तसाच राहिला, नळाच्या धारेवर. मग त्यांनी तो खाली घेतला, ओला झालेला, आणि ते घरात निघून गेले. ज्याचा डबा उघडत नाहीत असा आख्ख्या रांगेत एकच माणूस होता, हे त्या क्षणी आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आज हसू येतं. त्या दिवशी हंडा भरून वाहत होता तरी मी तशीच उभी होते.

मग जो आठवडा गेला तो वैऱ्याच्या वाट्यालाही नको. दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी दादानं सायकल काढली, अण्णा तिच्या शेजारून पायी चालू लागले. आईनं हाक मारली, "अहो, बसा की मागं!" अण्णा म्हणाले, "पाय मोकळे करतो." भोसरीहून पिंपरी काय पाय मोकळे करायचं अंतर आहे? रोज घामानं निथळत पोचायचे आणि तसेच यायचे. दादा रिकामं कॅरिअर घेऊन पुढे जायचा. जेवायला एकमेकांकडे पाठ करून बसायचे. भाकरी मोडल्याचाही आवाज व्हायचा, एवढी शांतता. आईला वाटलं, भांडण मशीनवरून. तिनं ते खोक्यासकट बाजेखाली ढकललं आणि वर पोतं टाकलं. "त्या मेल्या लोखंडानं घर नासवलं माझं," म्हणायची आणि कुणी काही सांगत नाही म्हणून भांडी आदळायची. मला सगळं माहीत होतं आणि बोलायची बंदी. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. लाल बुडाचं ते ड्रिल तसबिरीच्या फळीवर, रुमालात बांधून, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर ठेवलेलं होतं.

त्यातली एक वंदना मी विसरायची म्हटलं तरी विसरणार नाही. अण्णांनी पहिलं शील सांगितलं, आम्ही म्हटलं. दुसऱ्यापाशी ते थांबले. डोळे मिटलेले, पण थांबले ते दादासाठी, हे मला समजलं. उदबत्तीची राख पडली. मग दादानं ते शील स्वतःच म्हटलं. मोठ्यानं, शब्द न् शब्द तोडून, अण्णांकडे सरळ बघत. आई मध्येच उठून मोरीत गेली.

शनिवारी जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या चिंचवडला सायबाच्या घरी जाणार हाय. शब्द मी दिला हुता, तर सांगणार पण मीच." दादानं घास खाली ठेवला. "काय सांगणार?" "माझ्या पोराला कायम करू नका म्हणून." आईच्या हातातून पळी निसटली. "काय बोलताय काय तुम्ही? डोकं ठिकाणावर हाय का?" दादा उठला, हात धुतला. "जा," म्हणाला. "मी पण जातो. चाकणकडं एक दोस्त हाय, त्याच्याकडं. परत तुमच्या कंपनीचं तोंड बघणार न्हाई, आणि या घराचं पण."

रविवारी सकाळी अण्णांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला. दादानं पत्र्याची ट्रंक दाराशी आणून ठेवली आणि तो चपला शोधत होता. आई परातीशी बसून भाकरी थापत होती आणि रडत होती, रडता रडता थापत होती. अण्णांनी फळीवरचा रुमाल घ्यायला हात वर केला. मला काय झालं कुणास ठाऊक. मी त्यांच्या आधी तो ओढला, गाठ सोडली आणि ते ड्रिल आईच्या पिठाच्या हातावर ठेवलं. "बघ! यावरून चाललंय सगळं. हे दादानं कंपनीतून चोरलं म्हणतात. तू तरी सांग अण्णांना, दादा असा आहे का!" अण्णा माझ्यावर ओरडले, "सुजे!" पण आईनं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं ते पिठातून वर उचललं, बुडाचा लाल पट्टा बोटानं पुसला आणि डोळे बारीक केले.

"अगं बया, हे परत आलं व्हय? हे तर मी भंगारात घातलं हुतं!"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. आई आपली सरळ सांगत सुटली, तिला वाटलं आपल्याला ड्रिलाचा पत्ता विचारलाय. "हेच की. अंगठा फाटला माझा ह्याच्यानं, हळद लावून हिंडत हुते मी. ह्यांचे खाकी कपडे धुवाया घेतले की खिशातनं निघतं की काय काय. वायसर निघतात, चुरा निघतो, अशा कांड्या निघतात. मी आपली डालड्याच्या डब्यात टाकते. डबा भरला की भंगारवाल्याला. मागल्या खेपंला कांदे घेतले नाय का त्याच्याकडनं, चाकणचे? गोड हाईत म्हणून तुमीच तर खाल्ले, रोज फोडून!"

अण्णांनी भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली, दादाच्या ट्रंकेवर बसले. कामाच्या धांदलीत ते आखूड ड्रिल सदऱ्याच्या खिशात टाकायचे, ही त्यांची सवय. मशीन बदललं, भोंगा झाला, ते तसंच खिशात राहिलं. दुसऱ्या कुणाचा खिसा गेटवर चाचपला गेला असता आणि तिथंच निघालं असतं. ह्यांना हात जोडले गेले. आई अजून बोलतच होती, "मला काय ठाव ते कंपनीचं, मला वाटलं मोडकं हाय," आणि मग आमची तोंडं बघून तिनं करपलेली भाकरी तव्यावरून खाली ओढली.

"मी चोर निघालो, बाळा," अण्णा म्हणाले.

दादानं चपला पायात घातलेल्या होत्या. मला वाटलं तो आता धावून अण्णांच्या गळ्यात पडेल. कसला पडतोय! तो म्हणाला, "आठवडाभर मी हुतो." एवढंच म्हणाला आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आला, पुन्हा पुन्हा धुऊन आला. ट्रंक मात्र त्यानं उचलली नाही. अण्णा त्यावर बसलेच होते, उचलणार तरी कशी? त्या संध्याकाळच्या वंदनेत अण्णांना दुसरं शील सांगता आलं नाही. आम्ही वाट बघत राहिलो. शेवटी दादानंच ते सांगितलं आणि अण्णांनी त्याच्या मागून म्हटलं.

सोमवारी अण्णांनी ते ड्रिल साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणे हसले. "अहो, मोडक्या ड्रिलाचा तुकडा, त्याचं काय एवढं?" अण्णा घरी येऊन आईला म्हणाले, "शिक्षा दिली असती तर बरं झालं असतं." पाडव्याला दादा कायम झाला. आईनं पुरणपोळ्या केल्या.

त्याआधी, त्या सोमवारनंतरच्याच रविवारी, आम्ही तिघं पुन्हा पुण्याला गेलो. या वेळी जुन्या बाजारात नाही, चांगल्या दुकानात. दुकानदारानं काचेवर ड्रिलं मांडली. अण्णा काउंटरपासून चांगले मागे उभे राहिले, दोन्ही हात पाठीशी बांधून. "तू निवड," दादाला म्हणाले. दादानं एकेक उचलून उजेडात धरलं, काचेवर घरंगळवलं, बुडाला नख लावलं. एका ठिकाणी तो चुकला. अण्णांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली, बोटं एकमेकांत पिळून निघाली, पण माणूस बोलला नाही. बाहेर पडल्यावर दादा स्वतःच म्हणाला, "ते तीन सुताचं जरा वाकडं वाटतंय, न्हाई?" अण्णा म्हणाले, "व्हय. पण चालंल. भिंतीत कोण बघतंय?" बापलेक दोन आठवड्यांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले आणि मला तिथंच फुटपाथवर रडू आलं. दादा म्हणाला, "येडी हाय का तू?"

अण्णा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यानंतर आम्ही दोघं बहीणभाऊ बाजेखालचं सामान काढत बसलो, तेव्हा ते मशीन निघालं. चकची चावी अजून सुतळीनं वायरला बांधलेली होती. मशीन मांडीवर घेऊन दादा बसला आणि त्यानं मला जे सांगितलं, ते इतकी वर्षं त्यानं आपल्यापाशीच ठेवलं होतं.

त्या सोमवारी सकाळी अण्णा पुन्हा त्याच्या कॅरिअरवर बसून गेले. संध्याकाळी कंपनी सुटली. गेटवर रांग लागली. अण्णा पुढे, त्यांच्या मागे दादा. पहारेकऱ्यानं हात जोडले. "चला अण्णा." अण्णा हलले नाहीत. त्यांनी डबा जमिनीवर ठेवला, झाकण काढलं, पुडे एकेक करून मांडले, मग सदऱ्याचा खिसा उलटा केला, पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर लोंबते सोडले. रांग खोळंबली. मागून कुणी तरी ओरडलं. पहारेकरी ओशाळला. "अण्णा, तुम्ही कशाला? तुमचं काय बघायचंय?"

अण्णा म्हणाले, "माझ्या लेकाचा डबा बघता न्हवं रोज? मग आधी माझा बघा."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग रोज," दादा म्हणाला. "रिटायर होईपर्यंत रोज. मी मागं उभा असायचो."